टेन्स आणि क्वाड्रिसेप्सचा व्यायाम: एमपीटीच्या प्रबंधाचा आराखडा तपासून हवा आहे

अनुजा_एमपीटी

नमस्कार. एमपीटी (फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी) मस्क्युलोस्केलेटलच्या पहिल्या वर्षाला आहे, सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) द्यायचा आहे. कच्चा आराखडा खाली देते. न घाबरता चिरफाड करा.

विषय: गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये (झिजेच्या संधिवातात) "आधी टेन्स, मग व्यायाम" आणि "टेन्स चालू ठेवून व्यायाम" यांची तुलना.
रुग्ण: ४०, दोन गटांत २०-२०. ओपीडी क्रमांक सम असेल तर गट अ, विषम असेल तर गट ब.
कालावधी: २ आठवडे, एकूण ६ सेशन्स.
टेन्स (त्वचेवर पॅड लावून वेदना कमी करण्यासाठी दिलेला हलका करंट): १०० हर्ट्झ, १०० मायक्रोसेकंद, २० मिनिटे.
व्यायाम: स्टॅटिक क्वाड्स (क्वाड्रिसेप्स, म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू, जागच्या जागी आवळणे), एसएलआर (पाय सरळ ठेवून उचलणे), बसून गुडघा सरळ करणे.
मोजमाप: व्हास (वेदनेची पट्टी), वोमॅक (गुडघ्याच्या त्रासाची प्रश्नावली), एमएमटी (हाताने विरोध करून दिलेली ताकदीची ग्रेड), मांडीचा घेर, हालचालीचा कोन, टीयूजी (खुर्चीतून उठून चालून परत बसण्याची वेळ).

वेदना कमी होणं आणि स्नायूचं काम सुधारणं, दोन्ही दाखवायचं आहे.

गोनिओमीटर

विषयाची निवड चांगली आहे, कारण यामागे शरीरक्रिया आहे. गुडघ्यात पाणी किंवा वेदना असली की क्वाड्रिसेप्स "आळशी" होत नाही, त्याला वरून मिळणारा हुकूमच दाबला जातो. सांध्याच्या आवरणातून येणारे संदेश मज्जारज्जूत त्या स्नायूच्या मोटर न्यूरॉन्सना रोखतात. याला आर्थ्रोजेनिक मसल इन्हिबिशन म्हणतात. निरोगी गुडघ्यात प्रयोगासाठी सलाइन भरलं तेव्हा २० ते ३० मिली एवढ्यातच व्हास्टस मेडियालिस (क्वाड्रिसेप्सचा आतल्या बाजूचा भाग) दबला. बाकीच्या भागांना ५० ते ६० मिली लागलं. डोळ्यांना न दिसणारी सूजही त्याला दाबायला पुरते, ती अशी.

टेन्सचा यात संबंध असा की त्वचेतले जाड तंतू उत्तेजित झाले की वेदनेचा मार्ग काही काळ अडतो (मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलेली गेट कंट्रोलची कल्पना). शिवाय शरीरातली ओपिऑइड यंत्रणाही जागी होते. कल्पना अशी की त्या काळात रुग्ण स्नायूवर खरा भार घेऊ शकेल. यंत्र बंद केल्यावर परिणाम भराभर ओसरतो, म्हणून "चालू असताना व्यायाम" हा विचार योग्यच आहे. पण त्यासाठी हे दोन गट निवडणं महागात पडेल. ते आकडेमोड करणाऱ्यांनी सांगावं. मी मोजमापावर बोलतो.

एमएमटी काढून टाका. चालत ओपीडीत आलेल्या जवळपास प्रत्येक रुग्णाला तुम्ही ४ किंवा ४+ देणार. ग्रेड ४ चा पट्टा इतका रुंद आहे की ताकद दीडपट झाली तरी ग्रेड तोच राहील. मांडीचा घेरही काढा. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेच्या जुळवणीमुळे असते. स्नायूची जाडी टेपने दिसण्याइतकी वाढायला ८ ते १२ आठवडे लागतात, त्यातही मांडीवरची चरबी आणि टेपचा ताण हीच मोठी चूक असते. दोन आठवड्यांत घेर वाढलेला दिसलाच, तर वाढ टेप धरणाऱ्या हातात झालेली असते.

सुहास_आकडे

अनुजाताई, सॅम्पल साइझ ४० कुठून आला ते लिहिलेलं नाही. कमिटीचा पहिला प्रश्न तोच असेल.

दोन गटांच्या सरासरीतल्या फरकासाठी साधा हिशेब: १५.६८ गुणिले प्रमाण विचलनाचा (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचा) वर्ग, भागिले अपेक्षित फरकाचा वर्ग. (१५.६८ हा आकडा ५ टक्के अल्फा, म्हणजे नसलेला फरक दिसण्याची शक्यता, आणि ८० टक्के पॉवर, म्हणजे असलेला फरक सापडण्याची शक्यता, धरून येतो: १.९६ अधिक ०.८४ म्हणजे २.८, त्याचा वर्ग ७.८४, त्याची दुप्पट.)

आता तुमचे दोन्ही गट टेन्स घेताहेत, व्यायामही घेताहेत. फरक फक्त वेळेचा. ० ते १० च्या पट्टीवर त्यांच्यात अर्ध्या गुणाचा फरक निघेल असं धरलं आणि विचलन २ असेल, तर प्रत्येक गटात २५१ रुग्ण लागतील. प्रबंधात ते शक्य नाही. ४० रुग्णांवर "फरक आढळला नाही" असं निघेल आणि त्यातून काहीच सिद्ध होणार नाही.

म्हणून प्रश्न बदला: दोन्ही गटांना तोच व्यायाम, एका गटाला चालू टेन्स, दुसऱ्याला दिखाऊ टेन्स. रुग्णाला जाणवेल असा फरक साधारण २ गुणांचा मानतात. विचलन २ असेल तर गटात १६ रुग्ण, गळती (मध्येच सोडून जाणारे) २० टक्के धरून २०. विचलन २.५ निघालं तर तेच २५ आणि ३२ होतात. म्हणजे विचलन अंदाजाने लिहू नका, तुमच्यासारख्याच रुग्णांवरच्या छापील अभ्यासातून घ्या किंवा आधी १० जणांवर पाहा.

गळती धरताना १६ ला १.२ ने गुणू नका, ०.८ ने भागा. गुणलं तर १९.२ येतात, भागलं तर २०. इथे एकाचाच फरक पडतो, पण व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) पकडतात.

सम-विषम ओपीडी क्रमांक हे यादृच्छिकीकरण नाही. पुढचा क्रमांक कुठल्या गटात जाणार हे केसपेपर काढणाऱ्यालाही कळतं. संगणकावर ४ आणि ६ च्या मिश्र ब्लॉक्सची (प्रत्येक ब्लॉकमध्ये दोन्ही गट सारखे) यादी, ती बनवणारी व्यक्ती अभ्यासाबाहेरची, आणि क्रमांक टाकलेली बंद अपारदर्शक पाकिटं. पांढरं पाकीट ट्यूबलाइटसमोर धरलं की आतलं वाचता येतं, म्हणून चिठ्ठीभोवती स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा. रुग्णाची पहिली मोजमापं झाल्यावरच पाकीट फोडायचं आणि त्यावर तारीख-सही.

अनुजा_एमपीटी

सुहासदादा, २५१ चा आकडा पाहून धक्का बसला. प्रश्न बदलते. पण दिखाऊ टेन्स देणं म्हणजे रुग्णाला फसवणं नाही का? आणि आमच्याकडचं यंत्र साधं दोन चॅनेलचं आहे.

मीरा_रत्नागिरी

संमतीपत्रात स्पष्ट लिहिलं तर फसवणूक नाही. "दोनपैकी एका गटातील यंत्रातून उपचाराइतका प्रवाह येणार नाही. आपण कोणत्या गटात आहात हे अभ्यास संपेपर्यंत सांगितले जाणार नाही. व्यायाम दोन्ही गटांना सारखाच मिळेल." हे वाक्य मराठीतच हवं, "विद्युतीय चेतातंतू उद्दीपन" असलं काही नको. "गुडघ्याला चिकटपट्ट्या लावून हलका करंट देणारं मशीन" म्हटलं की कळतं. अभ्यास संपल्यावर दिखाऊ गटातल्यांना हवा असेल तर खरा टेन्स देऊ, असंही लिहा. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजींचा अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षर साक्षीदार समोर हवा आणि त्याची सही हवी. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते आहे. नेहमी होणारी चूक म्हणजे साक्षीदार म्हणून शेजारच्या टेबलावरचा इंटर्न सही करतो. तो अभ्यासात हातभार लावत असेल तर चालत नाही.

साध्या यंत्रावर दिखाऊ टेन्सचे दोन मार्ग. उत्तम तो की यंत्र पहिले ३० सेकंद खरा प्रवाह देतं आणि पुढच्या १५ सेकंदांत हळूहळू शून्यावर येतं, दिवा चालूच राहतो. असं यंत्र नसेल तर मुंग्या येईपर्यंत प्रवाह वाढवून अर्ध्या मिनिटानंतर हाताने हळूहळू शून्यावर आणा आणि स्क्रीन रुग्णाकडे पाठ करून ठेवा. दोन्ही गटांना बोलायचं वाक्य एकच, कागदावर छापलेलं: "काहींना मुंग्या जाणवत राहतात, काहींना थोड्या वेळाने जाणवत नाहीत." पूर्वी टेन्स घेतलेला रुग्ण लगेच ओळखतो, म्हणून आधी कधीच टेन्स न घेतलेलेच निवडा. शेवटी प्रत्येकाला विचारा, "तुम्हाला कोणतं मशीन मिळालं असं वाटतं?" आणि उत्तर नोंदवा. गट लपवणारा पडदा टिकला की फाटला ते त्यावरून कळतं. मोजमाप घेणारी व्यक्ती वेगळी असावी आणि तिने व्यायामाच्या खोलीत पाऊल टाकू नये.

विनय_इलेक्ट्रो

टेन्सचे आकडे ठीक आहेत. जे लिहिलं नाही त्यावरच निकाल ठरतो: तीव्रता. "रुग्णाला जाणवेल इतकी" असं लिहिणारे अभ्यास वाया जातात. प्रवाह जोरदार पण सहन होईल इतका हवा. ५ ते ७ मिनिटांत सवय होऊन मुंग्या फिक्या पडतात, तेव्हा परत वाढवायचा. दर वेळी मिलिअँपिअर टिपा. स्नायू आकसताना दिसला तर प्रवाह कमी करा.

इथे एक गोंधळ सर्रास होतो. स्नायू आकसवण्यासाठी देतात ते एनएमईएस, त्याचे आकडे निराळे: साधारण ५० हर्ट्झ, २५० ते ४०० मायक्रोसेकंद, १० सेकंद चालू आणि ५० सेकंद बंद, असे १० ते १५ आकुंचनं. शीर्षकात "टेन्समुळे ताकद वाढते" असं लिहून एनएमईएसचे संदर्भ जोडलेले प्रबंध मी तपासताना परत पाठवतो.

इलेक्ट्रोड: ५ × ५ सेंमीचे चिकट पॅड, चार. वाटीच्या वर आतल्या आणि बाहेरच्या बाजूला, तसेच खाली दोन्ही बाजूंना, वाटीच्या कडेपासून ३-४ सेंमी दूर. वाटीखालच्या दोरीवर लावू नका, गुडघा वाकला की तिथे पॅडची कड उचलते, संपर्काचं क्षेत्र कमी होतं आणि प्रवाह एका कोपऱ्यात गोळा होऊन टोचतो. रुग्ण "चटका बसला" म्हणतो तो यामुळे. व्यायाम चालू असताना लावायचं आहे, तर वायरचा सैल वेढा मांडीवर मायक्रोपोरने चिकटवा, म्हणजे ओढ पॅडवर येणार नाही. साडी किंवा नऊवारी असेल तर आधीच सैल पायजमा द्यायची सोय ठेवा, नाहीतर पॅडची जागा दर वेळी बदलते.

त्वचा: बऱ्याच जणांनी सकाळीच तेल किंवा बाम चोळलेला असतो. साबण-पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. दाट केस कात्रीने कापा, ब्लेडने नको, ओरखड्यांवर करंट झोंबतो. कार्बन रबरचे पॅड वापरत असाल तर जेल सगळीकडे सारखं पसरा, सुकलेल्या कोपऱ्यावर तोच चटका. बॅटरी उतरली की स्क्रीनवर तोच आकडा दिसूनही बाहेर कमी प्रवाह पडू शकतो, म्हणून बॅटरी बदलायचा वार ठरवून टाका.

पेसमेकर असेल तर घेऊच नका. मधुमेही रुग्णांची पॅडच्या जागची संवेदना टोकदार-बोथट चाचणीने पाहा, बोथटपणा असेल तर वगळा.

गोनिओमीटर

आता ताकद. हातात धरायचा डायनॅमोमीटर (जोर मोजणारं उपकरण) मिळाला तर उत्तम, पण तो हाताने धरू नका. क्वाड्रिसेप्स परीक्षकापेक्षा जोरकस असतो, बारीक चणीच्या परीक्षकाच्या नोंदी तिच्या स्वतःच्या हातांच्या ताकदीवर अडकतात. उपकरण पट्ट्याने टेबलाच्या पायाला बांधा.

बैठक: पाठीला आधार, हात छातीवर, मांडीवर पट्टा, मांडीखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा ९० अंशांत. उपकरण घोट्याच्या हाडांच्या लगेच वर. गुडघ्याच्या बाहेरच्या सांधारेषेपासून उपकरणाच्या मध्यापर्यंतचं अंतर पेनने खूण करून मोजा आणि दर वेळी तेच वापरा. २ सराव, मग ५ सेकंदांचे ३ प्रयत्न, मध्ये ६० सेकंद विश्रांती, तिन्हींत श्वास रोखू द्यायचा नाही. आवाजही ठरलेला: "ढकला... जोरात... जोरात... सोडा." प्रत्येक प्रयत्नाला किती दुखलं तेही टिपा. शेवटी वाढलेली ताकद दुखणं कमी झाल्यामुळे की स्नायूमुळे, हे त्या रकान्याशिवाय सांगता येणार नाही.

किलोग्रॅम तसेच छापू नका. उदाहरण: २२ किलो × ९.८१ = २१५.८ न्यूटन, अंतर ०.३२ मीटर, म्हणजे ६९ न्यूटन-मीटर. रुग्णाचं वजन ६५ किलो असेल तर १.०६ न्यूटन-मीटर प्रति किलो. उंच आणि ठेंगण्या रुग्णांची तुलना यामुळेच शक्य होते.

आणि सुरू करण्याआधी स्वतःची विश्वासार्हता काढा: १५-२० जणांचं मोजमाप, काही दिवसांनी परत. आयसीसी (दोन वेळची मोजमापं किती जुळतात त्याचा आकडा) ०.९१ आणि विचलन ५ किलो आलं, तर मोजमापातली चूक ५ × वर्गमूळ ०.०९ म्हणजे १.५ किलो, आणि खरा बदल म्हणण्यासाठी किमान त्याच्या २.७७ पट, म्हणजे साधारण ४.२ किलो हवा. एखादा रुग्ण ३ किलोने सुधारला तर "सुधारला" लिहायचं नाही. हा एक परिच्छेद प्रबंधाचं वजन दुप्पट करतो असं माझं ठाम मत आहे.

मीरा_रत्नागिरी

व्यायामाबद्दल कुणीच बोललं नाही. स्टॅटिक क्वाड्स आणि एसएलआर शेवटपर्यंत तेच-तेच दिले तर ताकद वाढणार कशी? भार वाढायला हवा. बसून गुडघा सरळ करण्यासाठी वेट कफ (घोट्याला बांधायचं वजन): ज्या वजनाने रुग्ण बरोबर १० वेळा करू शकतो, अकरावी जमत नाही, तो त्याचा १० आरएम. डीलॉर्मच्या पद्धतीत १० च्या तीन फेऱ्या, अनुक्रमे निम्म्या, पाऊण आणि पूर्ण वजनावर. दुखऱ्या गुडघ्याला ही चढती रीत बरी, पहिल्या फेरीत सांधा गरम होतो. सलग दोन सेशन्सना शेवटच्या फेरीत दोन जास्त वेळा जमलं की अर्धा किलो वाढवा. १० आरएम दर दोन आठवड्यांनी परत काढा. सोबत खुर्चीवरून उठबस ठेवा, कारण रुग्णाला अडचण तीच असते.

दुखण्याचा नियम आधी सांगा: व्यायामात १० पैकी ५ पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर यायला हवं. आलं नाही तर वजन एक पायरी खाली. हे लिहून ठेवलं नाही की एक थेरपिस्ट "दुखतंय" ऐकून थांबवतो, दुसरा रेटतो, आणि गटांतला फरक उपचाराचा न राहता थेरपिस्टचा होतो.

२ आठवडे नको, ६ करा. आठवड्यात दोन वेळा विभागात, एकदा घरी. घरी वेट कफ नसतो, तेव्हा जुन्या मोज्यात वाळू भरून काट्यावर अर्धा-एक किलो मोजून द्या. घरच्या दिवसाची खूण कॅलेंडरच्या पानावर करायला सांगा, वहीपेक्षा ती भिंतीवर दिसत राहते.

रुग्णभरतीची तारीख पाहूनच ठरवा. आषाढी, भातलावणी, दिवाळी या काळात सहा आठवड्यांचा सलग रुग्ण ग्रामीण भागात मिळणं कठीण. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण बुडालेली मजुरी तिकिटापेक्षा मोठी असते. नीतीसमितीच्या मंजुरीने प्रवासखर्च देता येतो का ते बजेटमध्ये आधीच मांडा.

सुहास_आकडे

मीराताईंच्या सहा आठवड्यांना अनुमोदन. आणखी तीन गोष्टी.

मुख्य मोजमाप एकच. वेदना घ्यायची असेल तर "बसल्या जागी" नको, टेन्सचा फायदा हालचालीतल्या वेदनेत दिसण्याची शक्यता जास्त. पाच वेळा खुर्चीतून उठताना १० पैकी किती दुखलं, हे घ्या. बाकी सगळं दुय्यम. सहा मुख्य मोजमापं ठेवलीत तर एखादं नुसत्या योगायोगानेही "सिग्निफिकंट" येईल.

दोन्ही गुडघे दुखणाऱ्या रुग्णाचा एकच गुडघा अभ्यासात घ्या, जास्त दुखणारा. १५ माणसांचे ३० गुडघे म्हणजे ३० रुग्ण नव्हेत. एकाच माणसाचे दोन गुडघे एकमेकांसारखेच वागतात, त्यामुळे पी व्हॅल्यू खोटी लहान येते.

आणि "गट अ मध्ये पेअर्ड टी-टेस्ट सिग्निफिकंट, गट ब मध्ये नाही, म्हणून अ चांगला" हा निष्कर्ष कधीच लिहू नका. गटांची एकमेकांशी तुलना करा, सुरुवातीची पातळी सहचल म्हणून धरून अ‍ॅन्कोव्हा (सुरुवातीचा फरक हिशेबात घेऊन गटांची तुलना करणारी चाचणी). सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यांतला सहसंबंध ०.५ असेल तर यामुळे लागणारे रुग्णही पाऊणपट होतात: विचलन २.५ असताना २४.५ चे १८.४, म्हणजे १९, गळती धरून गटात २४.

अनुजा_एमपीटी

मग असं करते: खरा विरुद्ध दिखाऊ टेन्स, दोन्ही गटांत व्यायाम चालू असताना. ६ आठवडे, गटात २४. मुख्य मोजमाप उठतानाची वेदना. दुय्यम: क्वाड्रिसेप्सचा टॉर्क (न्यूटन-मीटरमधली ताकद), ३० सेकंदांची उठबस, वोमॅक. टीयूजी आणि कोन काढले.

तीन शंका. वोमॅकमध्ये बाथटबचा प्रश्न आहे, आमच्या रुग्णांना लागू नाही. आजी १० पैकी आकडा सांगतच नाहीत, "रुपयात चार आणे फरक" म्हणतात. त्याचे २.५ धरू का? आणि डायनॅमोमीटर विभागात नाही.

मीरा_रत्नागिरी

नका धरू. "चार आणे फरक" हे आत्ताच्या वेदनेचं उत्तर नाही, पहिल्यापेक्षा किती बदललं याचं आहे. दोन्ही वेगळ्या गोष्टी, आणि दोन्ही कामाच्या. त्याचा वेगळा रकाना करा, त्यांच्याच शब्दांत. आकड्यासाठी ० ते १० ची उभी पट्टी शिडीसारखी काढा, खाली "काहीच दुखत नाही", वर "याहून जास्त दुखूच शकत नाही", आणि बोट ठेवायला सांगा. पहिल्या दिवशी ओळखीच्या अनुभवावर सराव घ्या: चिमटा काढल्यावर किती, बाळंतपणात किती. क्रम उलटा आला तर पट्टी समजली नाही, परत समजवा. १०० मिमीची आडवी व्हास रेघ वयस्क रुग्णांना त्याहून अवघड जाते.

वोमॅक वापरायला परवाना लागतो, आणि प्रश्न आपल्या मनाने बदलून त्याला वोमॅक म्हणता येत नाही. प्रश्न तसाच ठेवा, लागू नसलेल्या उत्तरांचं काय करायचं ते सुरू करण्याआधी लिहा. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, भारतीय शौचालय हे तीन प्रश्न स्वतंत्र ० ते १० पट्टीवर घ्या आणि ते वोमॅकच्या बेरजेत मिसळू नका. रुग्ण खऱ्या अर्थाने तिथेच अडतो, म्हणून ते सोडूही नका.

वेदनाशामक गोळ्यांचाही रकाना हवा: कोणती, किती, शेवटची केव्हा. मोजमापाच्या सकाळी गोळी खाल्लेली असेल तर सगळा हिशेब चुकतो.

विनय_इलेक्ट्रो

सीटीआरआयची (भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीची) नोंदणी विसरू नका. १ एप्रिल २०१८ पासून फक्त आगाऊ नोंदणी होते, म्हणजे पहिला रुग्ण घेण्याआधीच. नीतीसमितीचं पत्र आधी लागतं, मग अर्ज, मग शंका-निरसनाच्या फेऱ्या. यात आठवडे जातात, रुग्ण समोर उभे असले तरी भरती करता येत नाही. नोंदणीला पैसे लागत नाहीत. मुख्य मोजमाप तिथे लिहिलंत की नंतर बदलता येणार नाही असंच समजा.

गोनिओमीटर

डायनॅमोमीटर नसेल तर लटकवायचा डिजिटल काटा चालेल, भंगारवाले वापरतात तो, ५० किलोऐवजी १०० किलोचा घ्या. अट एकच: सर्वोच्च आकडा धरून ठेवण्याची सोय हवी. ती नसेल तर हलत्या आकड्यांतला मोठा आकडा डोळ्यांनी टिपावा लागतो आणि परीक्षकाला हवा तो आकडा दिसतो. काटा पायाच्या मागे, जमिनीला समांतर, घोट्याच्या पट्ट्याला काटकोनात. साखळी वापरा, ताणली जाणारी दोरी नको, नाहीतर गुडघा ९० वरून ७० अंशांवर सरकतो आणि स्नायूची लांबीच बदलते.

दर सोमवारी ५, १० आणि २० किलोची वजनं टांगून काटा तपासा आणि वहीत लिहा. जिमच्या प्लेटांवर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, एकदा किराणा दुकानातल्या प्रमाणित काट्यावर तोलून घ्या. २० किलोला १९.४ दाखवायला लागला तर त्या आठवड्यातल्या सगळ्या नोंदींना तेवढी दुरुस्ती लागेल, आणि वही नसेल तर ती कधीपासून लागेल हेच कळणार नाही.